भंडारदरा ते खिरेश्वर: चार दिवसांची पायी वाट आखताना

मुलुंडची_पायवाट (प्रश्न)

नमस्कार.

येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझी मैत्रीण आणि माझे मामा असे तिघे जण भंडारदऱ्याच्या जलाशयापासून निघून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड अशा क्रमाने माळशेज घाटाजवळच्या खिरेश्वरपर्यंत पायी जाण्याचा बेत करत आहोत. काश्मीरमधील सरोवरांच्या मोहिमेचा विचार बरेच दिवस मनात आहे, पण तेवढी सलग रजा कार्यालयातून मिळत नाही. शिवाय डोंगर, जंगल आणि पाणी हे तिन्ही कसाऱ्याच्या लोकलने गाठता येत असताना आधी घरचे पाहावे, असे मामांचे म्हणणे पडले आणि ते आम्हाला पटले.

पहाटे निघून रात्री परतायचे असे एका दिवसाचे ट्रेक आम्ही तिघेही नेहमी करतो. पाठीवर सामान घेऊन, रोज नव्या ठिकाणी मुक्काम करत सलग चालण्याचा अनुभव मात्र फक्त मामांना आहे आणि तोही त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्यांचे वय ५८ आहे. तब्येत उत्तम आहे, फक्त उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो.

आमचा आराखडा असा आहे. पहिल्या दिवशी बारी गावातून कळसूबाई चढून उतरायचे आणि शेंडीला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी रतनवाडी गाठून, अमृतेश्वराचे मंदिर पाहून रतनगड चढायचा आणि गडावरच्या गुहेत राहायचे. तिसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरून त्याच दिवशी पाचनई गाठायची. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड चढून, मंदिर, केदारेश्वर आणि कोकणकडा पाहून, संध्याकाळपर्यंत खिरेश्वरला उतरायचे आणि खुबी फाट्यावर कल्याणची एसटी धरायची.

हा आराखडा झेपण्यासारखा आहे का, वाटेत पाणी कोठे कोठे मिळते आणि वाटाड्या घेणे खरोखर आवश्यक आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. जीपीएसचा ट्रॅक आम्ही मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला आहे.

---

सह्यवाट_ठाणे

आराखडा नीट विचार करून मांडलेला दिसतो, तरीही त्यात दोन बदल सुचवतो. कळसूबाई वगळा आणि तिसऱ्या दिवसाचे दोन दिवस करा. एवढे केलेत तर बाकीचा कार्यक्रम आहे तसा चालेल.

कळसूबाई वगळण्याचे कारण ती अवघड आहे हे नव्हे. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर असले, तरी बारीकडून वर जाणारी वाट मळलेली आहे, कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तेथे वाट चुकायची म्हटले तरी चुकता येत नाही, इतकी माणसे असतात. अडचण अशी की ते शिखर तुमच्या ओळीत येत नाही. ते जलाशयाच्या उत्तरेला आहे आणि तुमची सगळी वाट दक्षिणेकडे जाते. लोकलचा प्रवास, तेवढा चढ आणि तेवढाच उतार पहिल्याच दिवशी करून मामांचा गुडघा दुखावून घ्यायचा आणि मग खरी वाट सुरू करायची, यात मला काही शहाणपण दिसत नाही. कळसूबाई कोणत्याही रविवारी होते.

त्याऐवजी पहिल्या दिवशी कसाऱ्याहून किंवा इगतपुरीहून घोटीमार्गे शेंडी आणि तेथून थेट रतनवाडी गाठा. शेंडीपासून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडीपर्यंत जातो आणि जीप ठरवता येते. पाणी भरपूर असताना नावेनेही पलीकडे जाता येते, परंतु नाववाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे लागते. दुपारी अमृतेश्वराचे मंदिर सावकाश पाहा. पुष्करणी आणि बाहेरच्या भिंतींवरील कोरीव काम यांसाठी निदान तासभर तरी हाताशी ठेवा, कारण बहुतेक ट्रेकर तेथे चपला काढून नमस्कार करतात आणि पुढे धावत सुटतात.

आता रतनगडाविषयी. रतनवाडीतून निघालेली वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्राच्या कडेने जाते, पात्र अनेकदा ओलांडते आणि मग दाट झाडीत शिरते. चढ बराच झाल्यावर एके ठिकाणी वाट फुटते. एक फाटा रतनगडाच्या शिड्यांकडे जातो आणि दुसरा कात्राबाईच्या खिंडीकडे. ही जागा जाताना नीट पाहून ठेवा, आजूबाजूची झाडे आणि दगड डोळ्यांत साठवा, जमल्यास मागे वळून फोटोही काढा, कारण दुसऱ्या दिवशी गडावरून उतरून तुम्हाला याच फाट्यावर परत यायचे आहे आणि वरून येताना तीच जागा अगदी वेगळी दिसते. शिड्यांवर एका वेळी एकानेच चढावे. मोठ्या पिशव्यांना बाहेर लटकवलेल्या मॅट आणि बाटल्या शिडीच्या कठड्यात अडकतात, तेव्हा सगळे सामान आत भरूनच वर निघा.

गडावर गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, गुहा, पाण्याची टाकी, राणीचा हुडा (बुरूज) आणि सर्वांत वर नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, आहे. नेढ्यात वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते, पण तेथून कळसूबाई, अलंग, मदन आणि कुलंग एका रांगेत दिसतात आणि खाली जलाशयाचे फाटे डोंगरांच्या मधे शिरलेले दिसतात. जलाशयाचा खरा आकार तेथूनच कळतो. काठावर उभे राहून तो कधीच कळत नाही.

तिसरा दिवस हा या वाटेचा कणा आहे आणि तुमच्या आराखड्यात नेमका तोच दिवस सर्वांत जास्त लादलेला आहे. रतनगड उतरायचा, फाट्यापासून जंगलातून कात्राबाईच्या खिंडीत चढायचे, खिंडीतून पलीकडे कुमशेतला उतरायचे आणि पुन्हा मुळा नदीच्या खोऱ्यातून पाचनईपर्यंत चालायचे, हे सामानासह एका दिवसात करणारे लोक आहेत, परंतु ते रोजचे चालणारे आहेत. डिसेंबरमध्ये सहा वाजता सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. कुमशेतला मुक्काम करा. खिंडीत पोहोचल्यावर समोर आजोबाचा डोंगर, कुमशेतचा कोंबडा आणि दूरवर हरिश्चंद्रगडाचा पसारा दिसतो. तेथे अर्धा तास बसता आले नाही, तर एवढे चालून आलो कशासाठी?

वाटाड्या रतनवाडीतूनच घ्या आणि निदान कुमशेतपर्यंत घ्या. जीपीएसचा ट्रॅक खोटा नसतो, पण जंगलात गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा इतक्या असतात की ट्रॅकपासून वीस-तीस मीटर बाजूला असलेली वाटही मोबाइलच्या पडद्यावर बरोबरच दिसते आणि ती कारवीच्या रानात नेऊन सोडते. डिसेंबरात कारवी डोक्याएवढी उभी असते. तिच्यात शिरल्यावर चार पावलांपुढचा सोबतीही दिसत नाही. अशा वेळी जो माणूस लहानपणापासून तेथे गुरे राखत आला आहे, तो पडद्याकडे न पाहताच सांगतो की ही वाट पाण्यावर जाते, खिंडीत जात नाही.

---

दादरचा_भटक्या

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु दिशेच्या बाबतीत माझे मत उलटे आहे.

मामांचा गुडघा उतारावर दुखतो, असे आपण लिहिले आहे. आपल्या आराखड्यातील सर्वांत त्रासदायक उतार हरिश्चंद्रगडावरून तोलारखिंडीमार्गे खिरेश्वरला येण्याचा आहे. आधी बालेकिल्ल्याला वळसा घालणारी चढउतारांची मालिका आणि मग खिंडीच्या वरचा कातळटप्पा. त्या टप्प्यावर रेलिंग आहेत हे खरे, पण चार दिवसांच्या चालीनंतर थकलेल्या पायांनी पिशवीसह तो उतरणे आणि पहिल्या दिवशी ताज्या दमाने चढणे यांत फार फरक आहे. म्हणून खिरेश्वरहून सुरुवात करावी, तोलारखिंडीतील व्याघ्रशिल्प पाहून गड चढावा, पाचनईच्या सोप्या वाटेने उतरावे आणि शेवट रतनवाडीला, जलाशयाच्या काठी करावा. चालून आल्यावर पाण्यात पाय सोडून बसण्यात जे सुख आहे, ते खुबी फाट्यावर एसटीची वाट पाहण्यात नाही.

---

सह्यवाट_ठाणे

मुद्दा योग्य आहे, पण मुंबईकराच्या दृष्टीने त्यात एक गोम आहे. शेवट रतनवाडीला केला, तर संध्याकाळी तेथून शेंडीपर्यंत, शेंडीहून घोटी-इगतपुरीपर्यंत आणि पुढे गाडी, असे तीन टप्पे जुळवावे लागतात आणि त्यांतील पहिल्या टप्प्याला ठरवलेल्या जीपशिवाय काहीच पर्याय नाही. खुबी फाटा मात्र माळशेज घाटाच्या हमरस्त्यावर आहे. आळेफाट्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या तेथे थांबतात आणि कल्याणला उतरले की आपण घरीच असतो. रविवारी संध्याकाळी घाटात खोळंबा होतो, तो गृहीत धरावा लागेल एवढेच.

गुडघ्यासाठी तिसरा मार्गही आहे. गडावर पाचनईकडून चढायचे आणि पाचनईलाच परत उतरायचे, म्हणजे तोलारखिंड टळते. पाचनईची वाट कड्याच्या पोटातून, वरून पुढे आलेल्या कातळाच्या सावलीतून जाते आणि ती चारही बाजूंच्या वाटांमध्ये सर्वांत सोपी आहे. मात्र मग राजूरपर्यंत वाहनाची सोय आधीच करून ठेवावी लागेल आणि पिंपळगाव जोग्याचा जलाशय पाहायचा राहील.

---

परळची_डॉक्टर

मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, सर्वसाधारण वैद्यकी करते, परंतु डोंगरात जाणाऱ्यांच्या गुडघ्यांची तपासणी वरचेवर करावी लागते, म्हणून लिहिते.

उतारावर दुखणारा गुडघा चढावर दुखत नसेल आणि त्याला सूज येत नसेल, तर बहुतेक वेळा मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी देऊन पुष्कळ फरक पडतो. हातात अजून काही आठवडे असतील, तर मामांना इमारतीचे जिने चढायला सांगण्यापेक्षा ते सावकाश, एकेक पायरी मोजत उतरायला सांगा. आधी मोकळ्या हाताने आणि नंतर पाठीवर थोडे थोडे वजन वाढवत. रविवारी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत किंवा येऊरच्या जंगलात त्याच बुटांनी आणि त्याच पिशवीने चालून यावे. दोन काठ्या घ्याव्यात. उतरताना काठ्या थोड्या लांब करून पुढे टेकल्या की गुडघ्यावरचा भार प्रत्यक्ष कमी होतो. गुडघा अडकत असेल, लचकत असेल किंवा चालल्यानंतर सुजत असेल, तर मात्र आधी तपासून घ्यावा आणि मगच तारीख ठरवावी. ऐनवेळी वेदनाशामक गोळी घेऊन उतार उतरण्याची सवय चांगली नाही, कारण दुखणे हाच तेथे थांबण्याचा इशारा असतो.

सापांविषयी कोणी विचारले नाही, तरीही सांगते. या भागात घोणस आणि फुरसे आढळतात, दाट झाडीत हिरवा चापडाही असतो. थंडीत ऊन खात दगडांवर पडलेला साप दिसणे स्वाभाविक आहे, त्यामुळे दगडावर हात ठेवण्यापूर्वी आणि सरपणात हात घालण्यापूर्वी पाहावे, रात्री शौचाला जाताना विजेरी आणि बूट दोन्ही वापरावेत. दंश झाल्यास चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर करावा, अंगठी आणि घड्याळ काढावे आणि माणसाला शक्यतो न चालवता उचलून रस्त्यापर्यंत आणावे. १०८ वर फोन लागला तर लावावा, परंतु संपर्काची वाट पाहत बसू नये. सापाला मारून बरोबर आणण्याची गरज नसते. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रच काम करते. ते मिळण्याचे ठिकाण म्हणजे रुग्णालय, आणि तेथे लवकर पोहोचण्याइतका दुसरा उपचार नाही.

याच कारणासाठी कुमशेतचा मुक्काम मला योग्य वाटतो. तेथे रस्ता येतो. चालीच्या मध्यावर, कोणाला बरे नसेल तर मान खाली न घालता बाहेर पडता येईल अशी जागा असावी.

---

मुलुंडची_पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. कळसूबाई वगळली आहे. त्यावर मैत्रीण थोडी नाराज झाली, पण तिला जानेवारीतला एक रविवार देऊ केला आहे. दिशा रतनवाडी ते खिरेश्वर अशीच ठेवून कुमशेतचा मुक्काम वाढवला आहे. मामांनी जिने उतरायला सुरुवात केली आहे आणि शेजारचे लोक लिफ्ट बंद आहे का, असे विचारू लागले आहेत.

आता तंबू आणि जेवणाविषयी विचारायचे आहे. तिघांसाठी एक तंबू, चूल आणि चार दिवसांचा शिधा घ्यायचा की गावांवर अवलंबून राहायचे? सगळे घेतले तर प्रत्येकाच्या पाठीवर बारा-तेरा किलो होतात.

---

राजूरकर_लालबाग

माझे गाव राजूरच्या बाजूला आहे आणि नोकरीमुळे मी लालबागला राहतो, तेव्हा या प्रश्नाला उत्तर देणे माझे कामच आहे.

बारा-तेरा किलो घेऊन कात्राबाई चढू नका. रतनवाडी, कुमशेत आणि पाचनई या तिन्ही गावांत घरी उतरण्याची आणि जेवणाची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून माणसे किती आणि पोहोचणार केव्हा हे सांगून ठेवा, एवढेच. ताटात तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, एखादी रानभाजी किंवा कडधान्याची आमटी, भात आणि ठेचा असतो. मुंबईच्या हॉटेलात मिळतात तसे पदार्थ मागू नयेत. वाडीत दुकान लहान असते आणि तुमच्या पनीरसाठी कोणाला तरी राजूरपर्यंत जावे लागते. झोपायला ओसरी किंवा पडवी मिळते, अंथरूणही मिळते, परंतु डिसेंबरात पहाटे पारा दहा अंशांच्या खाली सहज जातो, म्हणून स्वतःची स्लीपिंग बॅग असलेली बरी. पैसे रोख आणि सुटे घ्या. मोबाइलवरून पैसे देण्यासाठी रेंज लागते आणि ती कड्याच्या टोकावर असते, घरात नसते.

घासाघीस करू नका, असे मी सांगणार नाही, पण एक लक्षात ठेवा. येथील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची शेती पावसावर आहे. भात आणि नागली निघाली की पुढच्या पावसापर्यंत हिरडा गोळा करून विकणे, मजुरीसाठी घाटाखाली किंवा नारायणगाव-जुन्नरकडे जाणे आणि तुमच्यासारख्यांना जेवू घालणे, एवढीच मिळकत असते. जो वाटाड्या तुमच्याबरोबर येईल, तो कुमशेतला तुम्हाला सोडून त्याच दिवशी एकटा परत चालत जाणार आहे किंवा लांबून रस्त्याने वळसा घेणार आहे. त्याचा परतीचा दिवसही तुमच्या हिशेबात धरा.

रतनगडावरच्या मुक्कामाविषयी माझे मत सह्यवाट यांच्यापेक्षा वेगळे आहे. गुहेत राहायचे तर स्वयंपाकाचे सामान आणि पाणी वर न्यावे लागते. गडावरची टाकी आहेत, परंतु सगळ्यांचे पाणी पिण्यासारखे राहत नाही; काहींत प्लास्टिक तरंगत असते. रतनवाडीत दोन रात्री राहा, मधल्या दिवशी मोकळ्या पिशवीने गड पाहून खाली या आणि दुसऱ्या सकाळी लवकर निघून थेट फाट्यापासून खिंडीकडे वळा. चढ दोनदा पडतो हे खरे, पण पाठीवर ओझे एकदाच असते. हे पटत नसेल आणि नेढ्यातला सूर्योदय हवाच असेल, तर वाटाड्यासह वर राहा, पण पाणी रतनवाडीतून प्रत्येकी चार लिटर भरून घ्या. डिसेंबरात जंगलातले ओढे काही ठिकाणी वाहते असतात आणि वाटाड्याला त्यांतले कोणते टिकून आहेत ते ठाऊक असते. फेब्रुवारीनंतर येणाऱ्यांनी या ओळी वाचून ओढ्यांवर विसंबू नये.

हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रतनवाडीला आणि पाचनईला प्रवेशाचे पैसे भरून नोंद करावी लागते. त्याच वेळी तंबू कोठे लावता येतो आणि कोठे नाही, हे विचारून घ्या, विशेषतः हरिश्चंद्रगडावर आणि कोकणकड्यापाशी. शेकोटीच्या बाबतीत मात्र विचारूही नका, ती पेटवायचीच नाही. पाऊस संपल्यावर गवत पिवळे पडते, कारवी वाळते आणि एका ठिणगीने लागलेला वणवा पुढच्या खिंडीपर्यंत जातो. दरवर्षी वणवा विझवायला जाणारे हात आमच्याच वाड्यांतले असतात, शहरातले नसतात. धुराचे आणखी एक कारण आहे. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात आणि धूर, अत्तर किंवा आरडाओरडा यांनी ती उठली, तर पळायला गडावर जागा नसते.

जनावरांविषयी शहरातली मंडळी बिबट्याचीच चौकशी करतात. तो आहे, पण तो तुम्हाला टाळतो. पाहायचे असेल तर शेकरू पाहा. रतनवाडीच्या वरच्या झाडीत सकाळी खडखड असा आवाज आला की थांबा आणि मान वर करा. तांबूस अंगाची आणि झुपकेदार शेपटीची ती खार एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेते, तेव्हा खाली पाने पडतात, त्यावरून ती कोठे गेली ते कळते. बोलत चालणाऱ्यांना ती दिसत नाही.

---

पाणलोट_गोरेगाव

वाट आणि मुक्काम यांविषयी वर पुरेसे आले आहे. मी पाटबंधारे क्षेत्रात काम केलेले असल्यामुळे तळ्यांविषयी थोडे लिहितो, कारण या चालीच्या दोन टोकांना असलेली दोन जलाशये दिसायला सारखी असली, तरी त्यांचे पाणी एकमेकांच्या जवळपासही जात नाही.

सुरुवातीचा भंडारदऱ्याचा जलाशय प्रवरेवर आहे. त्याचे धरण, म्हणजे विल्सन धरण, १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले आणि जलाशयाला तेव्हाच्या सरकारने आर्थर लेक असे नाव दिले. ते पाणी पुढे रंधा धबधब्यावरून निळवंड्याच्या धरणात आणि तेथून खालच्या उसाच्या पट्ट्यात जाते. कात्राबाईची खिंड ओलांडली की आपण मुळेच्या खोऱ्यात उतरतो. पाचनईजवळून वाहणारी मंगळगंगा हरिश्चंद्रगडावरून निघून मुळेलाच मिळते. मुळा पुढे प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते, म्हणजे खिंडीच्या दोन्ही बाजूंचे पाणी लांबचा वळसा घेऊन का होईना, पुन्हा एकत्र येते. हरिश्चंद्रगडाची रांग ओलांडून खिरेश्वरला उतरल्यावर मात्र चित्र बदलते. तेथला पिंपळगाव जोग्याचा जलाशय पुष्पावतीवर आहे. तो कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक आहे आणि त्याचे पाणी कुकडी, घोड, भीमा असे करत कृष्णेला जाते. तोलारखिंडीकडे उतरताना पाणी पिण्यासाठी थांबलात, तर एवढे ध्यानात असू द्या की मागे सोडलेले सगळे ओढे गोदावरीचे होते आणि पुढे लागणारे कृष्णेचे आहेत.

पश्चिमेकडे, कड्याखाली पडणारे पाणी या दोन्हींतले नाही. ते कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. घाटघरला, म्हणजे जलाशयाच्या पश्चिम टोकाशी, या उंचीच्या फरकाचाच उपयोग करून २५० मेगावॉटचा वीज प्रकल्प उभारलेला आहे. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरच्या तळ्यातील पाणी बोगद्यातून कोकणातील खालच्या तळ्यात सोडून वीज तयार करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. रतनवाडीत एक दुपार मोकळी मिळणार असेल, तर जीपवाल्याला साम्रद आणि घाटघरपर्यंत नेण्यास सांगा. साम्रदची सांधण दरी बहुतेकांना ठाऊक असते, पण घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण किती खोल आहे ते पाहिले, म्हणजे त्या प्रकल्पाची जागा तेथेच का निवडली, हे आकृतीशिवाय समजते.

डिसेंबरचा आणखी एक फायदा असा की जलाशय भरलेला असतो. उन्हाळ्यात शेतीसाठी पाण्याची आवर्तने सुटली की भंडारदऱ्याचे पाणी मागे सरते आणि काठाला नुसता चिखलाचा पट्टा उरतो. पिंपळगाव जोग्याच्या काठी हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात, म्हणून दुर्बीण असेल तर ती शेवटच्या दिवसासाठी वरच्या कप्प्यात ठेवा. खिरेश्वर ते खुबी फाटा हे पाच-सहा किलोमीटर अंतर जलाशयाच्या कडेनेच जाते. बहुतेक जण ते एसटी चुकेल या धास्तीने खाली मान घालून उरकतात.

---

मुलुंडची_पायवाट

आराखडा पुन्हा मांडला आहे. दोन रात्री रतनवाडी, एक कुमशेत, एक पाचनई आणि पाचव्या दिवशी हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वर. चार दिवसांचे पाच दिवस झाले, तेव्हा सोमवारची रजाही टाकली आहे. मामांचे म्हणणे असे आहे की पाचनईला गुडघ्याचा अंदाज घेऊ. तो कुरकुरला, तर ते गड पाहून पाचनईलाच परत उतरतील आणि तेथून वाहनाने राजूरमार्गे घरी येतील. आम्ही दोघी तोलारखिंडीने उतरू.

शेवटची एक शंका आहे. केदारेश्वराच्या गुहेतील पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालण्याची मामांची फार इच्छा आहे. डिसेंबरात ते कितपत शक्य आहे?

---

राजूरकर_लालबाग

पाणी कमरेच्या आसपास आणि बर्फासारखे असते, तळ गुळगुळीत असतो. चार खांबांपैकी आता एकच उभा आहे, त्याच्याजवळून जाताना हात टेकायला मिळतो, बाकी आधार नाही. गुडघा जपायचा असेल, तर काठावरूनच नमस्कार केलेला बरा. आत उतरायचेच असेल, तर सकाळी न उतरता दुपारी, अंग तापलेले असताना उतरावे, कोरडे कपडे बाहेर काढून ठेवावेत आणि दोघींपैकी एकीने हात धरायला बरोबर जावे. आणि मामांना वाहनाची वेळ आलीच, तर पाचनईत आदल्या रात्रीच सांगून ठेवा, सकाळी निघणारी गाडी मिळेल. दुपारनंतर गाडी शोधत बसावे लागते.